मॉकपोलले या ना जी

मतदानाच्या दिवसातला सगळ्यात मोलाचा वेळ म्हणजे मतदान सुरू होण्याआधीचा दीड तास. तेव्हा शाळेत फक्त आम्ही कर्मचारी आणि पोलिंग एजंट असतो. 26 एप्रिल 2024ला, लोकसभेच्या वेळी, दर्यापूर तालुक्याच्या खारपाणपट्ट्यात मी केंद्राध्यक्ष होतो. अमरावतीत 37 उमेदवार, वर नोटा; म्हणून तीन बॅलट युनिटं एकाला एक जोडलेली. मॉकपोल म्हणजे चाचणी मतदान सुरू करणार, तोच एका तरुण एजंटानं विचारलं, "सर, व्हॉट्सअॅपवर आलं ना जी, कोनतंबी बटन दाबलं तरी मत एकालेच जाते म्हन्ते. खरं हाये का?"

"बाबू, तूच दाब अन् तूच मोज," एवढंच म्हणालो.

नियमानं किमान 50 मतं टाकायची, नोटासकट प्रत्येक बटणाला एक तरी. एकानं बटण दाबायचं, दुसऱ्यानं कागदावर रेघ मारायची. व्हीव्हीपॅटच्या काचेआड चिठ्ठी सात सेकंद दिसते, मग कापून पेटीत पडते. तो पोरगा दर वेळी वाकून चिन्ह वाचत होता. सगळं झाल्यावर क्लोज, मग रिझल्ट. कंट्रोल युनिटवरचे आकडे, बाकावर गठ्ठे करून ठेवलेल्या चिठ्ठ्या आणि कागदावरच्या रेघा, तिन्ही जुळले. मग क्लिअर. हे सीआरसी प्रशिक्षणात आमच्याकडून घोकून घेतात, कारण क्लिअर करायचं राहिलं तर मॉकपोलची मतं खऱ्या मतांत मिसळतात. चिठ्ठ्यांच्या पाठीवर शिक्का मारून त्या काळ्या लिफाफ्यात सील केल्या, एजंटांच्या सह्या घेतल्या. त्या पोरानं नंतर परत काही विचारलं नाही.

त्याची शंका मला वेडगळ वाटली नव्हती. 2017च्या जिल्हा परिषद निवडणुकीत लोणारजवळच्या सुलतानपुरात, नारळाचं बटण दाबलं की कमळाचा दिवा लागतो, अशी तक्रार झाली होती आणि त्या केंद्रावर फेरमतदान घ्यावं लागलं होतं. लोणार काही आमच्यापासून लांब नाही. अशी गोष्ट इकडे पिढीभर लक्षात राहते. योगायोग असा की अमरावती, अकोला, बुलढाणा मतदान करत होते त्याच दिवशी सर्वोच्च न्यायालयानं व्हीव्हीपॅटच्या सगळ्या चिठ्ठ्या मोजण्याची मागणी फेटाळली. मात्र चिन्हं भरायची युनिटं निकालानंतर 45 दिवस सीलबंद ठेवायला सांगितली आणि दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला यंत्रं तपासून घेण्याची वाटही दिली.

खऱ्या शंकेच्या आडोशानं खोटं शिरतं, आणि ते कुठूनही येतं. त्याच वर्षी मे महिन्यात तेल अवीवच्या स्टॉइक नावाच्या कंपनीनं कृत्रिम बुद्धिमत्तेनं लिहिलेल्या टिप्पण्या आपल्या निवडणुकीबद्दल पसरवायला सुरुवात केली. ओपनएआयनं चोवीस तासांच्या आत ते बंद पाडल्याचं जाहीर केलं. विधानसभेच्या निकालानंतर परदेशातल्या एकाचा व्हिडिओ फिरला: फ्रिक्वेन्सी वेगळी काढून महाराष्ट्रातली यंत्रं हॅक करून देतो म्हणे. मुंबईच्या सायबर पोलिसांनी त्याच्यावर गुन्हा नोंदवला. पण गावात गुन्ह्याची बातमी पोहोचत नाही, व्हिडिओ पोहोचतो. तिथं उपयोगी पडतो तो मॉकपोल पाहिलेला माणूस. या यंत्राला ना वायफाय, ना ब्लूटूथ. वायरी कुठून कुठं जातात हे त्यानं डोळ्यांनी पाहिलेलं असतं.

प्रत्येक खोट्याला मात्र असा साक्षीदार मिळत नाही. 20 नोव्हेंबर 2024च्या विधानसभा मतदानाच्या आदल्या रात्री बिटकॉइनच्या व्यवहाराच्या ध्वनिफिती राज्यभर फिरल्या. आवाज सुप्रिया सुळे आणि नाना पटोले यांचे म्हणून सांगितले गेले. सुळे यांनी ते खोटे असल्याची तक्रार केली, पण सकाळी सातला रांगेत उभा राहणारा माणूस तोवर ते ऐकून बसलेला. खोटा मजकूर लक्षात आल्यावर पक्षांनी तो तीन तासांत काढावा, असं निवडणूक आयोगानं मे 2024मध्ये बजावलं होतं. आदल्या रात्री तीन तास म्हणजे फार झाले.

यंत्राबद्दलच्या अफवेला मात्र पक्कं उत्तर आहे, ते म्हणजे 17-सी नमुना. मतदान संपल्यावर एकूण मतांचा आकडा त्यावर लिहून, सही करून आम्ही एजंटाला प्रत देतो. मतमोजणीच्या टेबलावर यंत्राचा एकूण आकडा तोच निघाला पाहिजे. तरी मी असे एजंट पाहिले आहेत जे साडेपाचऐवजी आठला येतात आणि संध्याकाळी 17-सी न घेताच घरी जातात. नंतर तेच पारावर बसून मशीनला शिव्या देतात. पक्षांनी बूथवर नुसती माणसं न बसवता त्यांना मॉकपोल आणि 17-सी या दोन गोष्टी शिकवाव्यात, असं मी दर निवडणुकीत सांगतो.

आणि आयोगालाही सांगायचं आहे. डिसेंबर 2024मध्ये निवडणूक नियमांतला नियम 93 बदलून केंद्रांवरचं कॅमेऱ्याचं चित्रण सर्वसामान्यांना पाहायला मिळणं बंद झालं. मतदारांची ओळख जपायला हवी, हे खरं. पण मॉकपोलच्या दीड तासात मतदार नसतोच खोलीत. निदान तेवढं चित्रण तरी मागेल त्याला दाखवा.