जॅकवेलमधील भोवरा आणि संगणकाचे गणित

सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेल्या सोनाळ्याहून दक्षिणेस पूर्णा नदीकडे जाऊ लागले की खारपाण पट्टा लागतो. तेथील भूजल खारे असल्याने बुलढाणा व अकोला जिल्ह्यांतील अनेक गावांना वारी येथील वान धरणाच्या पाण्याचा आधार घ्यावा लागतो. अशा प्रादेशिक नळयोजनांत जेथे जेथे पाणी उपसावे लागते, तेथे योजनेचे यश केवळ वीज आणि यंत्र यांवर अवलंबून नसते. जॅकवेलमध्ये पाणी पंपापर्यंत कसे पोचते, यालाही तितकेच महत्त्व असते.

भरलेल्या हौदाचे बूच काढले असता पाणी संपत येताना भोवरा पडतो आणि त्यातून हवा आत ओढली जाते. जॅकवेलमधील पातळी खालावली किंवा प्रवाह एका बाजूने तिरपा आला, तर हेच घडते. हवा शिरली की उपसा घटतो, पंप थरथरतो आणि त्याचे भाग लवकर झिजतात. जलाशय उन्हाळ्यातच खाली जात असल्याने हा दोष नेमका टंचाईच्या दिवसांत उद्भवतो.

यासाठी पंपाचे शोषणमुख किती बुडालेले असावे, याचे प्रमाण ठरविण्यात आले आहे. प्रचलित सूत्रानुसार मुखाचा व्यास १ मीटर व तेथील पाण्याचा वेग सेकंदाला १.७ मीटर असल्यास मुखावर किमान सुमारे २.२५ मीटर पाणी हवे. तथापि प्रवेशमार्गातील वळण, मधला खांब किंवा शेजारी चालू असलेला पंप यांमुळे पुरेशा पाण्यातही भोवरे उठू शकतात. म्हणून खडकवासला येथील, १९१६ साली स्थापन झालेल्या केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्रासारख्या संस्थांत पंपगृहांच्या लहान प्रतिकृती बांधून प्रवाहाची परीक्षा करण्यात येते.

या कामी आता संगणकाची जोड मिळाली आहे. जॅकवेलमधील पाण्याचे लाखो लहान कप्पे कल्पून प्रत्येक कप्प्यात किती पाणी येते व जाते, दाब आणि घर्षण यांमुळे त्याचा वेग कसा बदलतो, याची समीकरणे संगणक सोडवितो. भिंतीची दिशा बदलली किंवा मध्ये दुभाजक घातला तर काय होईल, हे एकही वीट न रचता पाहता येते. मात्र हवा ओढणारे भोवरे क्षणात उठतात आणि क्षणात मोडतात. त्यांचा अचूक अंदाज संगणकालाही कठीण जातो, म्हणून मोठ्या पंपगृहांसाठी प्रत्यक्ष प्रतिकृतीची गरज संपलेली नाही.

शिवाय मूळ माहिती चुकीची असेल, तर उत्तरही चुकतेच. उन्हाळ्यातील नीचतम पातळी किती असते आणि गाळ कोठे साचतो, हे गावाजवळच्या नोंदींतूनच कळते. पंचायतींनी या नोंदी नियमित ठेवाव्यात, जाळीवरील कचरा वेळीच काढवावा आणि किमान पातळीची तांबडी रेघ पंपचालकास दिसेल अशी रंगवून घ्यावी. त्या रेघेखाली पंप चालविल्यास पाणी तर कमी मिळतेच, पण ऐन टंचाईत पंप नादुरुस्त होऊन गाव तहानलेले राहण्याचा धोकाही ओढवतो.