पारावरचा दादा

एनएसएसच्या सात दिवसांच्या शिबिराला जाताना बॅगेत काय भरता? चादर, ताट-वाटी, चार्जर आणि लपवून मॅगी. मग प्रभातफेरी, श्रमदान, रात्री डान्स. मीही दोन वर्षांत २४० तास असेच भरले.

दुसऱ्या शिबिरात मात्र पारावर एक दादा रोज येऊन बसायचा. पुण्यात चार वर्षं एमपीएससी करून गावी परतलेला. "आता काय करतोस, हे अख्खं गाव विचारतं. झोप लागते का, हे कुणी नाही," म्हणाला. मित्रांचे फोन घेणं त्याने बंद केलं होतं. आम्हाला सल्ला देता येईना (आणि देऊही नये, आपण समुपदेशक नाही!). बंधाऱ्याचे दगड उचलायला बोलावलं. आला. तिसऱ्या दिवशी थोडं बोलला. पाचव्या दिवशी देवळामागे, जिथे रेंज येते तिथे जाऊन, माझ्या मोबाइलवरून त्याने १४४१६ लावला.

हा टेली-मानसचा नंबर. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, चोवीस तास, मोफत, मराठीतही बोलतात. तालुक्याला जायचं एसटीभाडं वाचतं, 'वेड्यांच्या डॉक्टरकडे गेला' ही कुजबुजही टळते.

पथनाट्यात दरवर्षी व्यसनमुक्ती घेताच ना? यंदा हा विषय घ्या. नंबर ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लिहून या, विचारून. गेरूने नको, पहिल्याच पावसात जातो. ऑइलपेंट न्या.