पॅड थाई: पाणी उकळू नका, केचप ओतू नका

घरी पॅड थाई करायला घेतलं की पहिला घोटाळा गॅस पेटवतानाच होतो. पातेलंभर पाणी उकळत ठेवलं जातं. ही हक्का नूडल्सची सवय. मैद्याच्या नूडल्स उकळून, गार पाण्याखाली धरून, तेलाचा हात लावला की परततानाही सुट्या राहतात, कारण मैद्यातलं ग्लुटेन त्यांना धरून ठेवतं. पॅड थाईच्या चपट्या नूडल्स तांदळाच्या असतात आणि तांदळात ग्लुटेन नसतंच. त्यांचा आकार टिकतो तो फक्त स्टार्चच्या जोरावर. उकळत्या पाण्यात त्या भराभर फुगतात आणि वर कढईत सॉस पडला की त्यांचा चिकट गोळा होतो. मग दोष पाकिटाला दिला जातो.

खरी रीत अशी: वाळलेल्या नूडल्स साध्या, गार पाण्यात अर्धा ते पाऊण तास भिजवायच्या. पट्टी बोटाभोवती न मोडता गुंडाळली गेली पाहिजे, पण दाताखाली मधला कणा कच्चा लागला पाहिजे. जाड्या पोह्यांचा अंदाज असलेल्या हाताला हे शिकवावं लागत नाही. उरलेलं शिजणं कढईत, सॉस पिता पिता होतं. कोरडं वाटलं तर पाण्याचा हबका मारायचा.

दुसरा गैरसमज रंगाचा. अनेक ठिकाणचा पॅड थाई लालभडक दिसतो, म्हणून त्यात टोमॅटो केचप असतो असं लोक धरून चालतात. परदेशातल्या काही हॉटेलांनी ही पळवाट रूढ केली खरी, पण मूळ सॉस तीनच गोष्टींचा: चिंचेचा कोळ, ताडगूळ आणि फिश सॉस. बँकॉकच्या महाचाय रोडवरच्या ‘थिपसमाइ’ या प्रसिद्ध दुकानात नूडल्सना केशरी झाक असते, ती कोळंबीच्या डोक्यातल्या चरबीची. चिंच-गुळाची आमटी करणाऱ्या घरात या सॉसची बाटली विकत आणणं म्हणजे उधळपट्टीच! दोन ताटल्यांना तीन मोठे चमचे दाट कोळ, तेवढाच चिरलेला गूळ आणि दोन चमचे फिश सॉस मंद आचेवर गूळ विरघळेपर्यंत गरम करावा. गोव्या-कोकणातला माडाचा गूळ मिळाला तर उत्तमच. आपली जुनी, काळी चिंच जास्त आंबट असते; ती घातली तर कोळ थोडा कमी घ्यावा.

पीनट बटरचाही यात काही संबंध नाही. ते घालण्याची कल्पना बहुधा साते कबाबांसोबतच्या शेंगदाण्याच्या सॉसवरून आली असावी. इथे लागते ती भाजलेल्या दाण्यांची भरड, आणि तीही शेवटी वरून. मोडांचं मात्र जपून. थाई मोडही मुगाचेच, पण अंधारात वाढवून बोटभर लांब केलेले असतात. उसळीचे आखूड मोड घातले तर दाणा कचकचीत राहतो.

‘प्राचीन थाई पदार्थ’ ही पाटी तर सरळ चुकीची आहे. कढईत परतलेल्या नूडल्स सयाममध्ये आल्या त्या चिनी स्थलांतरितांबरोबर. १९३८ साली पंतप्रधान झालेल्या फिबुन सोंगख्राम यांनी १९३९ मध्ये देशाचं नाव बदलून थायलंड केलं आणि वेशभूषेपासून खाण्यापर्यंत ‘राष्ट्रीय’ वळण लावायचा धडाका लावला. महायुद्धाच्या काळात नूडल्स खा, नूडल्स विका, असा प्रचार सरकारच करत होतं. त्याच लाटेत हा पदार्थ घरोघर पोचला. २००२ साली थाई सरकारने ‘ग्लोबल थाई’ मोहीम काढून परदेशात थाई रेस्टॉरंटं वाढवायला हातभार लावला. थोडक्यात, वय ऐंशी-पंच्याऐंशीच्या आसपास, आणि वाढवलं सरकारने.

‘झटपट’ हे विशेषण अर्धंच खरं. परतायला पाच मिनिटं पुरतात, पण त्याआधी भिजवणं, चिरणं, सॉस करणं हे सगळं हाताशी तयार हवं. घरच्या शेगडीची आच हॉटेलपेक्षा मंद असते. चार माणसांचा घाणा एकदम टाकला तर नूडल्स परतल्या न जाता वाफवल्या जातात. एका वेळी एक, फार तर दोन ताटल्या. आधी कांदा-लसूण, टोफू आणि सुकट, मग नूडल्स आणि सॉस, मग बाजूला सारून अंडं, आणि गॅस बंद करताना मोड व लसणाची पात.

तिखटाचं काय? पॅड थाई मुळात तिखट नसतो. तिखटाची पूड, साखर, लिंबू आणि दाण्यांची भरड टेबलावर ठेवलेली असते; ज्याने त्याने आपल्या जिभेप्रमाणे घ्यावं.

आणि शाकाहारी मंडळींसाठी सगळ्यांत महत्त्वाचं: ‘कोळंबी नको’ म्हटल्याने पॅड थाई शाकाहारी होत नाही. फिश सॉस म्हणजे मीठ घालून महिनोन्‌महिने आंबवलेल्या लहान माशांचा अर्क, आणि तो सॉसमध्ये आधीच मिसळलेला असतो. घरी त्याऐवजी मीठ किंवा हलका सोया सॉस चालतो. पण ग्लुटेन वर्ज्य असेल तर सोया सॉसची बाटली वाचून घ्या, त्यात बहुधा गहू असतो. बँकॉकला जाणाऱ्यांनी पिवळ्या पाटीवर लाल अक्षरांत ‘जे’ लिहिलेली दुकानं शोधावीत. तिथे मांस, मासे, अंडी तर नसतातच, कांदा-लसूणही नसतो.