विमानाचा गोठा



आजच्या भाषणाचा विषय ऐकून पुष्कळांना हंसूं येईल. घरांत सायकल ठेवावयास जागा नाहीं, आणि हे निवृत्त मास्तर विमान कोठें ठेवावें तें सांगावयास निघाले आहेत! परंतु विषय वाटतो तितका परका नाहीं. विमान ठेवण्याच्या जागेस हँगर म्हणतात. हा शब्द मूळचा फ्रेंच असून त्याचा साधा अर्थ छपरी असा आहे. आपल्याकडे जसा बैलांस गोठा, तसा विमानास हँगर. दोन माणसांच्या लहान विमानासाठीं असा गोठा थोडक्या खर्चांत कसा उभारावा, काटकसर कोठें करावी आणि कोठें करूं नये, एवढेंच आज सांगावयाचें आहे.

प्रारंभीं एक गोष्ट ध्यानांत घेऊं. इतर इमारतींना मुख्यतः स्वतःचें ओझें पेलावें लागतें. हँगरला वारा पेलावा लागतो. हा अनुभव विमानाइतकाच जुना आहे. अमेरिकेंतील राइट बंधूंनीं नॉर्थ कॅरोलायनाच्या वाळूच्या किनाऱ्यावर, किल डेव्हिल हिल्स येथें, आपल्या ग्लायडरसाठीं एक लांकडी खोपट बांधलें होतें. सप्टेंबर १९०३ मध्यें ते परत येऊन पाहतात तों वादळानें तें खोपट पायाच्या खुंटांवरून हलविलेलें! पुढें ऑक्टोबरांत पुन्हां वादळ झालें, तेव्हां धाकटा ऑर्व्हिल भर वाऱ्यांत शिडीवर चढून छपराचा डांबरी कागद खिळ्यांनीं ठोकीत होता. शेवटीं १७ डिसेंबर १९०३ रोजीं यंत्र उडालें. त्या दिवशींचें चौथें उड्डाण ५९ सेकंदांचें व ८५२ फुटांचें झालें. उतरतांना यंत्र थोडें दुखावलें, पण एकदोन दिवसांत तें दुरुस्त होईल असा बंधूंचा अंदाज होता. इतक्यांत वाऱ्याच्या एका झोतानें उभें यंत्र उलथून टाकिलें. तें पुन्हां कधींहि उडालें नाहीं. आकाशानें जें सोडिलें तें जमिनीवरच्या वाऱ्यानें मोडिलें.

आतां काटकसरीकडे वळूं. उदाहरणादाखल १९३८ ते १९४७ या काळांत अमेरिकेंत बनलेलें पायपर कब हें विमान घ्या. त्याच्या पंखांची रुंदी ३५ फूट ३ इंच, लांबी २२ फूट ५ इंच, आणि उंची अवघी ६ फूट ८ इंच. त्याच्यासाठीं ४० फूट रुंद व २६ फूट खोल अशी चौकोनी छपरी बांधली तर १०४० चौरस फूट जागा लागते. परंतु विमान कांहीं चौकोनी नसतें. त्याचे पंख पुढें असतात, मागें केवळ शेपूट असतें. म्हणून पंखांपुरता ४० फूट रुंद व १२ फूट खोल भाग घ्यावा, आणि त्याच्या मागें मधोमध शेपटापुरती १४ फूट चौरस खोली जोडावी. आकार इंग्रजी टी अक्षरासारखा होतो आणि जागा ६७६ चौरस फूट लागते. छपराचा व जमिनीचा एकतृतीयांशाहून अधिक खर्च वांचतो. भिंतीची एकूण लांबी मात्र तितकीच राहते, हें विसरूं नये. तीहि वांचवावयाची असेल तर चारसहा मालकांनीं मिळून, एकाचें शेपूट दुसऱ्याच्या पंखामागें येईल अशी उलटसुलट रांग बांधावी. म्हणजे भिंती सामाईक होतात.

दुसरी काटकसर जमिनीची. सर्वत्र काँक्रीट ओतण्याची गरज नाहीं. मुरूम पसरून, पाणी मारून, धुम्मस करून घ्यावा, आणि तिन्ही चाकांखालीं तेवढ्या काँक्रीटच्या फरशा घालाव्या. मात्र भराव आसपासच्या जमिनीपेक्षां उंच असावा व उतार बाहेर असावा. १९३२ सालीं जे. आर. डी. टाटा यांनीं कराचीहून मुंबईस टपाल आणून विमानसेवा सुरू केली, त्या काळीं जुहूचें मैदान पावसाळ्यांत पाण्याखालीं जाई आणि चार महिने पुण्यास बिऱ्हाड हलवावें लागे. ओलीनें लोखंड गंजतें आणि लांकूड कुजतें. म्हणून भिंतींच्या वरच्या कडेस हवा खेळण्यापुरती फट ठेवावी. पेट्रोलची वाफ हवेहून जड असल्यामुळें ती खालीं सांचते, यास्तव तळाशींहि झरोके असावेत.

तिसरी काटकसर दाराची. दारें वरच्या तुळईला टांगलीं तर त्यांचें ओझें पेलण्यास ती चाळीस फुटी तुळई जाड लागते. त्याऐवजीं तीं खालच्या रुळावर चाकांनीं चालवावीं. मग तुळईनें त्यांस केवळ सरळ उभें धरावयाचें असतें.

आतां जेथें काटकसर करूं नये ती जागा. वारा छपरावरून वेगानें वाहूं लागला म्हणजे वरचा दाब कमी होऊन छप्पर वर ओढलें जातें. ज्या नियमानें विमान उडतें त्याच नियमानें त्याच्या गोठ्याचें छप्परहि उडतें. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला कीं जोर चौपट होतो. ताशीं ५० मैलांच्या वाऱ्याचा जोर दर चौरस फुटास सुमारें साडेसहा पौंड, तर १०० मैलांच्या वाऱ्याचा साडेपंचवीस पौंड. पत्रे व वासे धरून हलक्या छपराचें वजन मात्र चौरस फुटास तीन पौंडांच्या आसपास. एका खांबाच्या वांट्यास छपराचा १०० चौरस फूट भाग येत असेल, तर २५५० पौंडांची ओढ वर आणि ३०० पौंडांचें वजन खालीं! उरलेले सुमारें २२५० पौंड कोणी धरावयाचे? अर्थात् पायानें. अडीच फूट लांब, तितकाच रुंद व तितकाच खोल असा काँक्रीटचा ठोकळा त्या वजनाचा भरतो. प्रत्येक खांब अशा ठोकळ्यांत पुरलेला, वासा खांबास बोल्टनें जखडलेला, पत्रा वाशास आवळलेला. या सांखळीची एकहि कडी ढिली असूं नये. हा हिशेबहि दार बंद असतांनाचा आहे. दार उघडें राहिलें तर वारा आंत शिरून छपराला खालून रेटतो, म्हणून दारांस वर आणि खालीं भक्कम अडसर हवेत. आंत विमान बांधण्यास दोन पंखांपाशीं व शेपटापाशीं अशा तीन कड्या पुराव्या. आणि आपल्या गांवचा वारा किती, हें जाणत्या इंजिनियराकडून तपासून घेतल्यावांचून कुदळ मारूं नये.

३ जून २०२० रोजीं निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्यास आदळलें, तेव्हां पत्रे कसे उडतात हें कोंकणानें पाहिलें. मी तें त्यापूर्वींच पाहिलें होतें. मी मुख्याध्यापक असतांना आमच्या शाळेस पत्र्याची पडवी जोडावयाची होती. पैसे थोडे होते. खांब दगडांवर नुसते उभे करूं, पायाचे पैसे वांचतील, असें मिस्त्री म्हणाला, आणि त्या अंदाजपत्रकावर मीं सही केली. पुढच्याच वळवाच्या पावसांत पडवी खांबांसकट उचलली गेली आणि पटांगणाच्या पलीकडे जाऊन पडली. पत्र्यांचा एकहि खिळा निघाला नव्हता. खिळ्यांत कसूर नव्हतीच. तो रविवार होता. सोमवार असता तर त्या पडवींत तिसरीचा वर्ग बसला असता. हा विचार मनांत आला कीं आजहि माझी झोंप उडते.

म्हणून सांगतों, विमानाचा गोठा बांधा किंवा गाईचा बांधा; आकारांत वांचवा, फरशींत वांचवा, दारांत वांचवा. पण जें जमिनीखालीं जातें आणि कोणाच्या दृष्टीस पडत नाहीं, तेथें हात आंखडूं नका. उडावयाचें तें विमानानें. त्याच्या घरानें जमीन सोडतां कामा नये.