बालगृहातला निरोप, मुलांच्या बाजूने

पदवीची परीक्षा संपल्यावर किंवा नोकरी आणि पुढचं शिक्षण यांच्या मधल्या मोकळ्या काळात परदेशातल्या एखाद्या बालगृहात काही आठवडे काम करून यायचं, ही कल्पना आता पुण्या-मुंबईच्या घरांनाही नवी राहिलेली नाही. कुणी नेपाळला जातं, कुणी कंबोडियाला, कुणी आफ्रिकेत. उलट दिशेनेही ये-जा असते. युरोप-अमेरिकेतली तरुण मंडळी, त्यांत तिकडे वाढलेली मराठी घरांतली मुलंही, महाराष्ट्रातल्या संस्थांमध्ये येऊन राहतात. या अनुभवाबद्दल कुणी बोलू लागलं की शेवटचा दिवस हमखास येतो. मुलांनी रंगवलेली कार्डं, गळ्यात पडून रडणं, गाडी फाटकाबाहेर पडेपर्यंत मागे धावणारी लहानगी. ऐकणाऱ्याचेही डोळे भरून येतात आणि मुलांना किती लळा लागला होता, एवढंच मनात राहतं. लळा खरा असतो, जाणाऱ्याचं दुःखही खरं असतं. पण जाणाऱ्याच्या आयुष्यात असा निरोप एकदा येतो आणि मुलाच्या आयुष्यात तो पुन्हापुन्हा येत राहतो. मुलाच्या बाजूने हा हिशेब मांडला की वेगळंच काही दिसू लागतं. माझं म्हणणं असं आहे की थोड्या आठवड्यांत परतणाऱ्या माणसाने लहान मुलाला भरवणं, अंघोळ घालणं, कुशीत घेऊन झोपवणं ही कामं आपल्याकडे घेऊच नयेत. निरोप मुलाला किती लागेल हे बरंचसं पहिल्या दिवशी कोणती जागा घेतली त्यावर ठरतं.

याचा पुरावा जुना आहे आणि तो फार काळजीपूर्वक गोळा केलेला आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ॲना फ्रॉइड यांनी लंडनमधल्या हॅम्पस्टेडला, युद्धामुळे घरापासून तुटलेल्या मुलांसाठी शिशुगृहं चालवली. सुरुवातीला सगळ्या बायका मिळून सगळ्या मुलांकडे बघत. मग त्यांनी मुलांचे छोटे गट पाडले आणि प्रत्येक गट एकेका ठरावीक बाईकडे सोपवला. मुलं त्या बाईला चिकटू लागली, हट्ट करू लागली, रुसू लागली, आणि त्याबरोबर त्यांची वाढही सुधारली. याच शिशुगृहांत काम केलेल्या जेम्स आणि जॉइस रॉबर्टसन या दांपत्याने पुढे १९६९ मध्ये ‘जॉन’ हा माहितीपट केला. आई बाळंतपणासाठी रुग्णालयात गेली म्हणून १७ महिन्यांच्या जॉनला नऊ दिवस शिशुगृहात ठेवलं होतं. तिथल्या परिचारिका तरुण, हसतमुख, मायाळू होत्या. जॉन आधी एकीकडे जातो, मग दुसरीकडे. पण पाळी बदलली की ती निघून जाते आणि नवी येते. काही दिवसांत तो जेवण नाकारतो, तासन्‌तास रडतो आणि एका मोठ्या खेळण्यातल्या अस्वलाला बिलगून पडून राहतो. नवव्या दिवशी आई येते तेव्हा तो तिला दूर ढकलतो. त्या गृहात निष्ठुर कुणीच नव्हतं. माया करणारी माणसं भरपूर होती, टिकणारं माणूस एकही नव्हतं, आणि एवढ्यावरच मूल मोडलं. बालगृहात चार आठवडे राहून येणाऱ्या प्रत्येकाने हा माहितीपट निघण्याआधी पाहायला हवा असं मला मनापासून वाटतं.

नऊ दिवसांच्या जागी वर्षं गेली तर काय होतं, हे बार्बरा टिझार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७०च्या दशकात इंग्लंडमधल्या निवासी शिशुगृहांत पाहिलं. ही शिशुगृहं चांगली होती. खेळणी होती, पुस्तकं होती, पुरेशी माणसं होती. पण मूल दोन वर्षांचं होईपर्यंत त्याला किमान आठवडाभर सांभाळलेल्या माणसांची संख्या सरासरी २४ भरत होती, आणि चार-साडेचार वर्षांपर्यंत ती ५० पर्यंत पोचत होती. या मुलांची बुद्धी बरी वाढली, बोलणं बरं वाढलं. वेगळेपण दिसलं ते नात्यांत. बरीच मुलं कोणाही अनोळखी माणसाच्या अंगाखांद्यावर चढत, लक्ष वेधण्यासाठी धडपडत आणि एका माणसाशी खोल नातं जोडताना मात्र अडखळत. बुखारेस्टमध्ये २००० च्या सुमारास सुरू झालेल्या अभ्यासात १३६ बालकांपैकी निम्म्यांना चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे निवडून प्रतिपालक कुटुंबांत पाठवलं गेलं. कुटुंबात गेलेल्या मुलांची बुद्धी आणि जिव्हाळ्याची नाती दोन्ही सुधारली, आणि वयाच्या दोन वर्षांच्या आत गेलेल्यांची जास्त सुधारली. परक्यांशी अतिसलगी करण्याची सवय मात्र चिवट ठरली. आता बालगृहात पाऊल ठेवताच ‘ताई, ताई’ करत पायांना मिठी मारणारं तीन वर्षांचं मूल आठवा. पाहुण्याला त्यात प्रेमाची भूक भागल्याचा आनंद दिसतो. बालमानसशास्त्राच्या नजरेला ती एक खूण दिसते: या मुलाला घरचं आणि परकं यातला भेद शिकायची संधी मिळालेली नाही. घरात वाढलेलं तीन वर्षांचं मूल अनोळखी माणसाला पाहून आईच्या पदरामागे लपतं, आणि ते लपणं हेच त्याच्या सुरक्षिततेचं लक्षण असतं.

हे अभ्यास पगारी काळजीवाहकांबद्दलचे आहेत, स्वयंसेवकांबद्दलचे नाहीत, असा आक्षेप कुणी घेईल आणि तो रास्त आहे. पण मुलाला पगारपत्रक दिसत नाही. त्याला दिसतो चेहरा, वास, आवाज, आणि एका सकाळी तो नसणं. लिंडा रिक्टर आणि ॲमी नॉर्मन यांनी २०१० मध्ये आफ्रिकेतल्या अनाथालयांबद्दल लिहिताना हाच धागा स्वयंसेवकांपर्यंत नेला. आधीच आई-वडील गमावलेल्या बालकांभोवती अल्पकाळ येणारी माणसं जिव्हाळा निर्माण करतात आणि तो तोडून जातात, म्हणून हा प्रकार लहान मुलांसाठी धोक्याचा आहे, असं त्यांनी स्पष्ट मांडलं. दुसरा आक्षेप जास्त जिव्हाळ्याचा आहे: काहीच न मिळण्यापेक्षा थोडं प्रेम मिळालेलं काय वाईट? मोठ्या मुलांबाबत या म्हणण्यात तथ्य आहे. बारा वर्षांच्या मुलीला कळतं की ही ताई जूनमध्ये परत जाणार आहे. तिच्याकडून ती गणित शिकेल, गाणं शिकेल, जाताना रडेल आणि सावरेल, कारण काळाचा अर्थ तिला लागतो. दीड-दोन वर्षांच्या मुलाला ‘पुढच्या महिन्यात’ म्हणजे काय ते कळत नाही. शिवाय थोडं प्रेम की शून्य प्रेम, अशी निवड मुळात नसतेच. तिथे वर्षानुवर्षं काम करणाऱ्या मावशी असतात. पाहुणा मूल कडेवर घेतो तेव्हा ते मूल मावशीच्या कडेवरून उतरलेलं असतं. नव्या माणसाकडे चॉकलेट असतं, फोनवरची गाणी असतात, थकवा नसतो. मावशीकडे वीस मुलांचे कपडे धुवायचे असतात. अशा तुलनेत मावशी फिकी पडते, आणि पाहुणा गेल्यावर मुलाच्या वाट्याला तीच फिकी पडलेली मावशी उरते. म्हणून ज्याला खरंच मदत करायची आहे त्याने कपडे धुवावेत, भांडी घासावीत, हिशेब लिहावेत, आणि मावशीचा तेवढा वेळ मुलांसाठी मोकळा करावा. त्याच्या जाण्याने धुण्याचा ढीग वाढेल, मूल तुटणार नाही.

या साऱ्यामागे एक कठोर अर्थशास्त्रही आहे आणि ते टाळून निरोपाबद्दल बोलता येत नाही. कंबोडियात २००५ ते २०१० या पाच वर्षांत निवासी संस्थांची संख्या सुमारे ७५ टक्क्यांनी वाढली. त्या काळात अनाथ मुलं काही तेवढी वाढली नव्हती. वाढले होते ते पर्यटक आणि स्वयंसेवक. संस्थांतल्या सुमारे तीन-चतुर्थांश मुलांचे आई-वडील, निदान दोघांपैकी एक, हयात होते. नेपाळमध्येही शिक्षणाचं आमिष दाखवून दुर्गम डोंगराळ भागांतली मुलं काठमांडूच्या ‘अनाथालयां’त आणली गेली. पाहुणे येतात म्हणून मुलं लागतात, असा हा उलटा व्यवहार आहे. ऑस्ट्रेलियाने संसदीय चौकशीनंतर २०१८ च्या आधुनिक गुलामगिरीविरोधी कायद्याच्या निमित्ताने याची दखल घेतली, आणि डिसेंबर २०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने बालहक्कांच्या ठरावात अनाथालयांतल्या स्वयंसेवेमुळे होणारी हानी रोखण्याचा उल्लेख केला. आपल्या किनाऱ्यावरचा इतिहास तर आणखी जवळचा आहे. मडगावात ‘गुरुकुल’ नावाने अनाथाश्रम चालवणाऱ्या फ्रेडी पीट्सला १९९१ मध्ये अटक झाली. तिथल्या मुलांपर्यंत परदेशी पाहुण्यांना पोचवलं जात होतं हे त्या खटल्यातून उघड झालं, आणि १९९६ मध्ये त्याला जन्मठेप झाली. मुंबईत कुलाब्याच्या ‘अँकरेज’ निवाऱ्यांतल्या मुलांच्या लैंगिक शोषणाच्या प्रकरणात डंकन ग्रँट आणि ॲलन वॉटर्स या दोन ब्रिटिशांची शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०११ मध्ये कायम केली. बहुसंख्य स्वयंसेवकांचे हेतू स्वच्छ असतात याबद्दल मला शंका नाही. पण जिथे कोणीही अनोळखी माणूस येऊन मुलाला जवळ घेऊ शकतो आणि मुलाला त्यात वावगं वाटेनासं होतं, त्या घराचं दार वाईट हेतूच्या माणसालाही तितकंच उघडं राहतं. पोलिसांचा चारित्र्य पडताळणी दाखला न मागता आपल्याला आत घेणारी संस्था आपल्यासारख्या सगळ्यांनाच तसं घेत असणार, हे चांगल्या माणसाने ओळखावं.

पाहुणे थांबले तर पैसा थांबेल आणि मुलं उपाशी राहतील, असं संस्थाचालक सांगतात. काही ठिकाणी ते खरं असतं, आणि म्हणूनच पैसा कुठून कुठे जावा याचा विचार व्हायला हवा. आपल्या २०१५ च्या बाल न्याय कायद्यात संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय मानला आहे. महाराष्ट्राच्या बाल संगोपन योजनेत, जिला आता क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांचं नाव आहे, मूल नातेवाइकांकडे किंवा कुटुंबातच राहावं म्हणून दरमहा २,२५० रुपये दिले जातात. विमानाचं तिकीट, संयोजक कंपनीचं शुल्क आणि राहण्याखाण्याचा खर्च यांची बेरीज या रकमेशेजारी ठेवून पाहावी. एका माणसाच्या महिनाभराच्या मुक्कामाच्या खर्चात किती मुलं किती महिने आपल्या आजीजवळ राहू शकतील, हे गणित फार अवघड नाही. ज्यांना घर नाहीच, त्यांच्यासाठीही टिकणाऱ्या माणसांवर खर्च करणाऱ्या पद्धती आहेत. हर्मन ग्माइनर यांनी १९४९ मध्ये ऑस्ट्रियात इम्स्ट गावी सुरू केलेल्या एसओएस बालग्रामांचा पाया एका घरात एक आई आणि तिची आठ-दहा मुलं हाच आहे. पुण्यात असं बालग्राम आहे, आणि १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर लातूरलाही ते उभं राहिलं. ती आई पंधरा-वीस वर्षं टिकावी यासाठी तिचा पगार, तिची रजा, तिचं म्हातारपण यांची सोय लागते. देणगी देणाऱ्यांना त्याचं फारसं आकर्षण वाटत नाही, कारण त्याचा फोटो निघत नाही.

जे आज एखाद्या परदेशी बालगृहात आहेत आणि ज्यांची परतीची तारीख जवळ आली आहे, त्यांना हे सगळं वाचून गुपचूप निघून जावंसं वाटेल. ते सर्वांत वाईट. मुलं झोपेत असताना निघणं म्हणजे झोपलं की माणसं नाहीशी होतात, हे त्यांना शिकवणं. तारीख आधीपासून सांगावी, भिंतीवरच्या कॅलेंडरवर मुलांबरोबर रोज खूण करावी. ‘मी पुढच्या वर्षी नक्की येईन’ हे वाक्य ओठांवर येईल, कारण रडणाऱ्या मुलाला शांत करायला त्या क्षणी दुसरं काही सुचत नाही. यायचं निश्चित नसेल तर ते बोलू नये. शेवटच्या आठवड्यात आपण थोडं मागे सरावं आणि जी मावशी किंवा शिक्षिका राहणार आहे तिच्या हातून मुलांना गोष्टी मिळू द्याव्यात. आपल्यासोबतचा फोटो मुलाच्या वहीत राहावा, आपल्या समाजमाध्यमाच्या पानावर नको. भारतात तर बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ नुसार अशा मुलाची ओळख उघड करणं हा गुन्हा आहे आणि त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. पत्र लिहायचं तर ते संस्थेमार्फत आणि निभावता येईल तेवढंच. वर्षातून एकदा, पण दर वर्षी येणारं पत्र हे पहिल्या महिन्यात दहा आणि नंतर काहीच नाही यापेक्षा मुलाला जास्त आधार देतं.

परदेशाची चर्चा करताना आपल्या गल्लीतली सवयही तपासायला हवी. मुलाचा पहिला वाढदिवस, आजोबांची पुण्यतिथी, कंपनीचा सेवादिन असं काही निमित्त धरून आपण जवळच्या बालगृहात केक, श्रीखंड-पुरी, वह्या घेऊन जातो. मुलांना ओळीत बसवलं जातं, एखादी प्रार्थना म्हणवली जाते, तासाभराने गाड्या निघतात. हाही निरोपच आहे, आणि गजबजलेल्या संस्थेत तो एका महिन्यात अनेकदा होतो. दर वेळी नवी माणसं, नवी नावं, तेच प्रश्न: तू कितवीत आहेस, मोठेपणी कोण होणार? जेवणाचे पैसे संस्थेला द्यावेत आणि वाढदिवस तिथल्या एखाद्या मुलाचा, त्याच्या तारखेला, त्याच्या मित्रांनी साजरा करावा. आपण तिथे असण्याची गरज नाही.

ज्याला माणूस म्हणून जोडलं जायचं आहे, पैशापुरतं नाही, त्याच्यासाठी सर्वांत मोठी जागा बालगृहाच्या दाराबाहेर आहे. अठराव्या वर्षी मूल संस्थेतून बाहेर पडतं. कायद्यात २१ वर्षांपर्यंत अनुरक्षणाची, म्हणजे संस्था सोडल्यानंतरच्या आधाराची, तरतूद आहे, पण भाड्याच्या खोलीचं डिपॉझिट, बँकेचं खातं, पहिल्या मुलाखतीला घालायचा शर्ट, तापात औषध आणून देणारं कुणी, या गोष्टी तरतुदीत बसत नाहीत. इथला तरुण काय आणि टोरांटोत किंवा सिंगापुरात बसलेली मराठी ताई काय, एका मुलीचा दर रविवारी संध्याकाळी अर्धा तास इंग्रजीचा सराव घेऊ शकते, तिचा अर्ज तपासू शकते, महाविद्यालयाची फी भरण्याची शेवटची तारीख लक्षात ठेवू शकते. हे काम संस्थेच्या समाजसेविकेला कळवून, तिच्या देखरेखीखाली करायचं असतं, आणि ते निदान तीन वर्षं चालवायची तयारी लागते. त्यासाठी तिकीट काढावं लागत नाही. संस्थेला पहिलं पत्र लिहितानाच आपण किती वर्षं देऊ शकतो, तो आकडा लिहावा.