जुन्या सर्किट बोर्डांची पारख

व्यापारी पेढ्यांमध्ये संगणक शिरला त्याला आता तीन-चार दशके झाली. त्या काळची यंत्रे बहुधा माळ्यावर पडून असतात आणि दिवाळीच्या साफसफाईत किलोच्या भावाने भंगारात जातात. भंगारवाला वजन पाहतो. संग्राहक मात्र बोर्ड कोणता, केव्हाचा आणि कितपत अभंग आहे हे पाहतो. या दोन भावांत कधी कधी मोठे अंतर असते, म्हणून काटा लावण्यापूर्वी पारख करावी.

आयबीएमचा ‘५१५०’ हा संगणक ऑगस्ट १९८१ मध्ये आला. त्याच्या मदरबोर्डावर कार्डांसाठी पाच खाचा असतात आणि मागे दोन गोल जोडण्या: एक कीबोर्डची, दुसरी कॅसेट रेकॉर्डरची. १९८३ च्या ‘एक्सटी’त खाचा आठ झाल्या व कॅसेटची जोडणी गेली. ५१५० चेही दोन प्रकार आहेत. बोर्डावर ‘१६ केबी-६४ केबी’ असे छापले असेल तर तो आधीचा, ‘६४ केबी-२५६ केबी’ असेल तर नंतरचा. संग्राहक आधीच्याला अधिक मानतात.

नाव न सापडल्यास चिपांवरील चार आकडे वाचावेत. पहिले दोन वर्षाचे, पुढचे दोन आठवड्याचे. ८३१२ म्हणजे १९८३ चा बारावा आठवडा. येथे एक गंमत आहे. ‘७४०४’, ‘७४३२’ ही चिपांच्या एका प्रसिद्ध मालिकेतील नावेच आहेत. ती तारीख समजून बोर्ड १९७४ चा ठरवणारे कमी नाहीत. ‘७४७४’ पाहिले की उलगडा होतो, कारण वर्षाला चौऱ्याहत्तर आठवडे नसतात! बहुतेक चिपा एकाच सुमाराच्या असतील तर बोर्ड मूळचा मानावा. एखादीच पुष्कळ नंतरची असेल तर ती दुरुस्तीत बदललेली असण्याचा संभव अधिक.

काही चिपांच्या पाठीवर काचेची खिडकी असते व तीवर कागदी पट्टी चिकटवलेली असते. कुतूहलाने ती काढू नये. अतिनील किरणांनी आतील मजकूर पुसला जातो आणि पट्टीवरची आवृत्तीची नोंदही हातची जाते.

सोन्याचा मोह सर्वांना होतो. सोनेरी पाय असलेल्या सिरॅमिक चिपा, विशेषतः १९९५ चा ‘पेंटियम प्रो’, यांना सोन्यासाठी भाव येतो हे खरे. पण मुलामा अत्यंत पातळ असतो, आणि घरी आम्लात तो उतरवणे म्हणजे विषारी धुरास आमंत्रण. सराफाच्या घरातील माणसानेही हा उद्योग करू नये.

किंमत ठरवताना तारणाचा नियम लावावा: मागितलेला भाव नव्हे, प्रत्यक्ष विक्री झालेला भाव पाहावा. १९७६ चा ‘ॲपल-१’ हा सुटा बोर्ड ६६६.६६ डॉलरला विकला जाई. सुमारे दोनशेच बनले. २०१४ मध्ये बॉनहॅम्सच्या लिलावात त्यांपैकी एक ९,०५,००० डॉलरला गेला. अशा अपवादावरून आपल्या माळ्यावरील ३८६ चा हिशेब मांडू नये. तशा बोर्डांवर बहुधा पिंपासारखी छोटी बॅटरी असते. ती पाझरून तांब्याच्या रेषा खाते. हिरवट डाग दिसल्यास, किंवा न दिसल्यासही, ती प्रथम जाणकाराकडून कापून घ्यावी, मगच गिऱ्हाइकास बोर्ड दाखवावा.