रोटीच्या माळावरची कोरडी पांढरी वाइन

दौंड तालुक्यात, पाटस-बारामती रस्त्याच्या बाजूला रोटी गावाच्या माळावर फोर सीझन्सची वायनरी आहे. यूबी समूहाने ती उभारली, पुढे ग्रोव्हर झाम्पाने विकत घेतली. स्पेनच्या रुएदा भागातली व्हर्देहो ही पांढरी वाइन ज्यांना आवडते, त्यांनी फोर सीझन्सची सोव्हिन्यों ब्लां जरूर चाखावी.

या वाइनची सगळी मजा तिच्या आंबट धारेत. साखर नावालाच, लिटरला साधारण ४ ग्रॅमच्या आत. रुएदाचं पठार ७०० ते ८०० मीटर उंचीवर, रात्री गार. म्हणून द्राक्षातलं आम्ल टिकतं. आपल्याकडे छाटणी सप्टेंबर-ऑक्टोबरात आणि घड तयार होतात फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास, ऊन चढू लागतं तेव्हा. तोडणी थोडी जरी लांबली, तरी गोडी वाढते आणि आम्ल झपाट्याने उतरतं. म्हणून गारव्यात, पहाटेच तोडणी करणं चांगलं. मग रस लगेच थंड करायचा आणि स्टीलच्या टाकीत कमी तापमानावर आंबवायचा. उष्ण मुलखात ही धार राखणं हे खरं कसब, आणि त्याला दाद द्यायलाच हवी.

पेला तिरका धरला की फिक्या पिवळ्या रंगात हिरवट झाक दिसते. नाकाशी नेला की लिंबाची साल, कैरी, कापलेलं गवत. ८ ते १० अंशांवर प्यावी. फार गार केली तर वास दबतो. सोबत उजनीच्या पाण्यातली चिलापी, रव्यात घोळवून तळलेली. तिखट मात्र बेताचं, नाहीतर जिभेला वाइन कळतच नाही. बाटली वर्ष-दोन वर्षांत संपवावी, उघडल्यावर तीन दिवसांत.